रक्तातली साखर आणि ताटातलं तेल



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून मी काही काळ बसले आहे. मधुमेहाचा नवा रुग्ण आला की गोडाबद्दल ते शेवटी विचारत. आधी विचारत, "घरात खाणारी माणसं किती? आणि तेलाचा डबा किती दिवस जातो?" रुग्ण गोंधळून जाई. साखरेचा आजार घेऊन आलेल्या माणसाकडे हे तेलाचा हिशेब का मागतात, ते त्याला कळत नसे. डॉक्टर उत्तर केसपेपरवर टिपून घेत आणि मगच रक्तदाबाचा पट्टा हाती घेत. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाबद्दल आहे. तो किती नेमका होता हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनानं दाखवून दिलंय. तरीही आपल्या घरांतलं मधुमेहाचं पथ्य चहातली साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, एवढ्यावरच थांबतं. फोडणीकडे कुणी बघत नाही.

टाइप टू मधुमेह म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना असतो तो मधुमेह. तो ओळखला जातो रक्तातल्या साखरेवरून, पण तो घडण्यात मोठा हात असतो चरबीचा, आणि तोही भलत्या जागी जाऊन बसलेल्या चरबीचा. यकृत, स्नायू आणि स्वादुपिंड या त्या जागा. ही चरबी सगळीच्या सगळी तेला-तुपातून येते असं मी म्हणत नाही. जास्तीची साखर आणि मैदा यांचीही यकृत चरबीच बनवतं. पण ज्या माणसानं साखर सोडली आणि तेलाची पळी तशीच ठेवली, त्याचं पथ्य अर्धंच राहिलंय, हे मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

आपण या आजाराकडे साखरेच्याच बाजूनं का बघत आलो, याला एक इतिहास आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. कुत्रा सारखी लघवी करू लागला. मिंकोव्स्कीनं ती तपासली आणि तिच्यात साखर सापडली. त्यानं ती चाखून पाहिली, अशी दंतकथा आहे. पुढचं शतकभर मधुमेह म्हणजे साखरेचा बिघाड, हेच समीकरण पक्कं झालं. १९९२ मध्ये डॅलसच्या डेनिस मॅकगॅरी या संशोधकानं 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रश्न टाकला: मिंकोव्स्कीच्या जिभेला चवच नसती तर? इन्सुलिन संपलं की शरीर चरबी भसाभस जाळू लागतं आणि श्वासाला ॲसिटोनचा वास येतो. जीभ नसती तर त्यानं नाकाचा आधार घेतला असता, आणि मग मधुमेहाचा सगळा अभ्यास चरबीच्या बाजूनं सुरू झाला असता. प्रश्न खोडकर वाटतो, पण मॅकगॅरींना तो अगदी गंभीरपणे विचारायचा होता, आणि पुढच्या संशोधनानं त्यांची बाजू बळकट केली.

आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाच्या विचारात मेदाला मोठं स्थान आहे. बसून राहणं, झोप, दही-दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ ही कारणं तिथे सांगितली आहेत आणि रोगी स्थूल आणि कृश अशा दोन तऱ्हांचे मानले आहेत. म्हणून सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. निरीक्षण मात्र फार चांगलं होतं, आणि त्यातल्या कृश रोग्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचं आहे.

टोरंटोमध्ये १९२२ च्या जानेवारीत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात आहाराखेरीज काही नव्हतं. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत, तर मिशिगनमध्ये न्यूबर्ग आणि मार्श भरपूर चरबी आणि अगदी कमी कर्बोदकं देत. साखर उतरत असे, हे खरं. पण साखर उतरणं आणि शरीराची साखर हाताळण्याची ताकद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक स्पष्ट केला लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनं. १९३५ च्या सुमारास त्यानं निरोगी तरुणांना काही दिवस चरबीचं प्रमाण जास्त असलेला आहार दिला, मग कर्बोदकांचं प्रमाण जास्त असलेला, आणि दोन्ही वेळा ग्लुकोज देऊन रक्त तपासलं. चरबीच्या आहारानंतर त्याच तरुणांची साखर जास्त चढली आणि इन्सुलिनचा परिणाम कमी दिसला. १९३६ मध्ये त्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. काही मधुमेहींना इन्सुलिन चांगलं लागू पडतं आणि काहींना पडत नाही, असे दोन गट त्यानं मांडले. आज आपण टाइप वन आणि टाइप टू म्हणतो त्याचा पाया तिथे आहे. ग्लुकोजची चाचणी करायची असेल तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खा असं प्रयोगशाळा सांगते, त्यामागेही हीच जाण आहे. कर्बोदकं अगदी तोडून चाचणीला गेलेल्या निरोगी माणसाचाही आकडा वाढून येऊ शकतो.

आता चरबीच्या जागेबद्दल. इथे रॉबर्ट लॉरेन्स या स्कॉटिश डॉक्टराचं नाव आदरानं घ्यायला हवं. तो स्वतः मधुमेही होता. इटलीत मरणाची वाट बघत असताना १९२३ साली इन्सुलिनची बातमी आली, तो लंडनला परतला आणि पुढे पंचेचाळीस वर्षं जगला. १९४६ मध्ये त्यानं एका विलक्षण रुग्णाचं वर्णन प्रसिद्ध केलं. शरीरावर चरबीचा थरच उरलेला नव्हता. पण यकृत प्रचंड सुजलेलं, रक्त चरबीनं गढूळ आणि मधुमेह इतका हट्टी की इन्सुलिनचे मोठमोठे डोसही अपुरे पडावेत. चरबी हेच मधुमेहाचं मूळ असेल तर ज्याच्या अंगावर चरबीच नाही त्याला सर्वांत वाईट मधुमेह कसा? उत्तर असं की कातडीखालची चरबी ही शत्रू नव्हेच, ती कोठाराचं काम करते. ज्या घरात कणगीच नाही तिथे आलेलं धान्य पडवीत, माजघरात, देवघरात, जागा मिळेल तिथे पडतं. या रुग्णांत खाल्लेली चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन पडते. हा आजार दुर्मिळ आहे, पण त्यानं शिकवलेला धडा आपल्या सगळ्यांना लागू आहे: प्रत्येकाच्या कोठाराची क्षमता वेगळी असते, आणि ती संपली की पुढची चरबी भलतीकडे जाते. कुणाचं कोठार नव्वद किलो वजनावर भरतं, कुणाचं बासष्टवर.

स्नायूंत गेलेली चरबी काय करते? जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं सर्वांत मोठं काम स्नायू करतात. इन्सुलिन पेशीच्या बाहेर येऊन लागतं, आत निरोप पोचतो आणि साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. स्नायूच्या पेशीत चरबीचे काही विशिष्ट रेणू साठले की हा निरोप अर्ध्या वाटेत अडतो. येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जिवंत माणसाच्या स्नायूत, सुई न टोचता, चुंबकीय तंत्रानं पाहिलं. १९९६ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या शिरेतून चरबीचं द्रावण सोडून रक्तातली मेदाम्लं वाढवली गेली. तीन-चार तासांत त्यांच्या स्नायूंचं साखर उचलणं घसरलं. ना वजन वाढलं होतं, ना वय. त्याआधी १९६३ मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल यांनी स्नायू चरबी जाळत असले की साखर जाळणं मागे पडतं, हे दाखवलं होतंच. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी साधा प्रयोग मांडला: सडपातळ तरुणांना पाम तेलाचा एकच मोठा घोट प्यायला दिला आणि काही तासांत त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद मंदावलेला पाहिला. एका घोटानं कुणाला मधुमेह होत नाही, पण रोज रात्री जेवणाच्या ताटात तो घोट असेल तर काय होत असेल याचा विचार करावा.

याच्या उलट एक गोष्ट मला फार आशादायक वाटते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही चरबी भरपूर आढळते, पण त्यांना इन्सुलिन उत्तम लागू पडतं. कारण ती चरबी रोज जळते आणि रोज नव्यानं येते. पडून राहिलेल्या चरबीनं बिघाड होतो. जेवणानंतरची शतपावली आणि रोजचं भराभर चालणं यांचं महत्त्व नुसत्या कॅलरीच्या हिशेबात मावत नाही, ते यामुळे.

आता मला रुग्ण सर्वांत जास्त वेळा विचारतात त्या प्रश्नाकडे येते. "डॉक्टर, रात्री आठला दोन भाकऱ्या खाल्ल्या, नंतर पाण्याशिवाय काही नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी?" ही साखर रात्रीच्या भाकरीची नसते, ती यकृतानं सोडलेली असते. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागते म्हणून यकृत ताशी साधारण सात-आठ ग्रॅम साखर रक्तात सोडत राहतं, आणि इन्सुलिन त्याला आवर घालतं. यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचं हे सांगणं यकृताला नीट ऐकू येत नाही आणि साखर वाहतच राहते. म्हणजे सकाळचा तो आकडा बऱ्याचदा यकृतातल्या चरबीचा अहवाल असतो. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' असं लिहून येतं आणि आपण "सगळ्यांनाच असतं हो" म्हणून तो फाइलीत ठेवून देतो. तो कागद आणि साखरेचा कागद शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी विनंती आहे.

हा विचार कसोटीला लावला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी. २०११ मध्ये त्यांनी अकरा मधुमेहींना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्या सात दिवसांत उपाशीपोटीची साखर जवळपास निरोगी पातळीवर आली आणि यकृतातली चरबी सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. स्वादुपिंडातली चरबी सावकाश, आठ आठवड्यांत कमी झाली आणि तशी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना पुन्हा जाग आली. मग स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या साध्या कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांत मोठी चाचणी झाली, टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या पुढाकारानं. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले रुग्ण, रोज ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षाअखेरीस ४६ टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत आलं की आजारही परत येतो. ही बाजूही मी आपल्यापुढे ठेवते, कारण 'मधुमेह कायमचा बरा' अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या मी पाहते.

"आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असं आपल्यातले अनेकजण मनात म्हणत असतील. इथे पुण्याचं काम महत्त्वाचं ठरतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी निर्दोष. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला दिसत नाही ते त्या एका छायाचित्रात दिसलं. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळाचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास जपलेली. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी आलेली ही बाळं पुढे शहरात येतात, दिवसभर खुर्चीवर बसतात, रोज बाहेरचं खातात, आणि चाळिशीच्या आत त्यांच्यातल्या काहींना मधुमेह होतो. चरकातला तो कृश रोगी इथे आठवतो. अशा सडपातळ रुग्णांनाही थोडंसं वजन उतरवून फायदा होतो का, हे टेलर यांच्या गटानं वीस जणांत पाहिलं. सर्वांचा बीएमआय २७ च्या खाली होता. त्यातले चौदाजण मधुमेहाच्या रेषेखाली आले. संख्या लहान आहे, पण आपल्या देशासाठी तिला मोल आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत.

इथवर वर्षानुवर्षांची गोष्ट झाली. एका जेवणाच्या आणि एका रात्रीच्या हिशेबातही चरबी असते, आणि तिथे ती फसवते.

माझ्याकडे येणाऱ्या नववीतल्या एका मुलीला टाइप वन मधुमेह आहे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. वाढदिवसाला तिनं पावभाजी खाल्ली. भाजीवर लोण्याचा गोळा, पाव लोण्यात भाजलेले. आईनं पाव मोजून इन्सुलिनचा डोस बरोबर दिला होता. साडेआठला जेवण, साडेदहाला साखर १३२. आई निर्धास्त झोपली. मोबाइलवरचा आलेख त्यानंतर चढू लागला, दीडला २७० झाला आणि पहाटे चारपर्यंत खाली आला नाही. सकाळी आईला वाटलं, सेन्सर बिघडला. सेन्सर ठीक होता. चरबीमुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून पावातली साखर उशिरा आणि लांबवर रक्तात येत राहते. शिवाय पचून रक्तात उतरलेली चरबी त्या रात्रीपुरता इन्सुलिनचा परिणाम कमी करते. बॉस्टनमध्ये २०१३ साली टाइप वनच्या सात रुग्णांवर हे मोजलं गेलं. कर्बोदकं तीच, प्रथिनं तीच, फक्त एका रात्री जेवणात १० ग्रॅम चरबी आणि एका रात्री ६०. चरबीच्या रात्री सरासरी ९ युनिटांऐवजी १२.६ युनिट इन्सुलिन लागलं, आणि तरीही साखर जास्तच राहिली.

"पुरणपोळीवर तुपाची धार घेतली की साखर वाढत नाही, मी मोजून पाहिलंय," असं सांगणारे मला दर होळीला भेटतात. त्यांनी मोजलेलं खोटं नसतं. दोन तासांनी घेतलेला आकडा खरंच कमी येतो, पण चार-पाच तासांनी कुणी बोट टोचत नाही. तुपामुळे चढ सौम्य होतो, लांबतो, आणि तुपाच्या कॅलरी वर पडतात.

जठराच्या याच संथपणामुळे एक गोष्ट जीवावर बेतू शकते, म्हणून इथे थांबून सांगते. साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर घरात हाताशी असतो म्हणून पेढा किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सगळी चरबी सारखी का? मुळीच नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे ३९ तरुण-तरुणींना सात आठवडे त्यांच्या जेवणाव्यतिरिक्त रोज मफिन खायला दिले. अर्ध्यांचे मफिन पाम तेलाचे, अर्ध्यांचे सूर्यफुलाच्या तेलाचे. दोन्ही गटांचं वजन सारखंच, दीड किलोच्या आसपास वाढलं. पण यकृतात चरबी साठली ती प्रामुख्यानं पाम तेलाच्या गटात. २०१४ चा हा प्रयोग मला फार बोलका वाटतो, कारण भारत हा जगातला पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे आणि ते तेल आपण घरी आणतो असं आपल्याला वाटतही नाही. घरी गेल्यावर फरसाणाचं किंवा बिस्किटाचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. 'पामोलिन' किंवा 'खाद्य वनस्पती तेल (पाम)' दिसेल. 'मधुमेहींसाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांवरही दिसेल. दिवाळीत 'शुगर फ्री' लाडू भेट म्हणून येतात. त्यातली साखर गेली, तूप आणि कॅलरी जागच्या जागी आहेत.

तेलांबद्दल मराठी माणसानं फार दूर बघायला नको. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत ऑलिव्ह तेल वापरणाऱ्यांत मधुमेहाचे नवे रुग्ण कमी निघाले. ते तेल आपल्याकडे महाग आहे. ऑलिव्हमध्ये जे ओलेइक आम्ल मुख्य, ते शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास असतं. सोलापूर-मराठवाड्याची करडई तर जगाच्या प्रयोगशाळेत गेली. अमेरिकेत मधुमेह असलेल्या स्थूल, पाळी गेलेल्या स्त्रियांना सोळा आठवडे रोज ८ ग्रॅम करडईचं तेल दिल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, एचबीए१सी, सुमारे ०.६ टक्क्यानं उतरली. अभ्यास लहान होता, त्यावर मोठी इमारत मी बांधणार नाही. पण करडईचं शेत मोडून आपण पामोलिनचा डबा आणला, याचं मला दुःख आहे. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ, भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ, हे सगळं मधुमेह्याच्या ताटात शोभतं. मूठ मात्र एकच, कारण शेंगदाण्यात निम्मी चरबी असते. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते, साजूक तुपात साठीच्या पुढे. भाजीवर भुरभुरवलेलं ओलं खोबरं आणि वरणभातावरचं चमचाभर तूप यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवणं आणि वनस्पती तूप यांच्याबद्दल आहे.

पण तेल बदललं आणि मोजलं नाही तर काही साधत नाही. कुठलंही तेल घ्या, एका ग्रॅमला नऊच कॅलरी. कर्बोदकांना आणि प्रथिनांना चार. आता तो डब्याचा प्रश्न सोडवून पाहू. पंधरा किलोचा डबा, घरात चार माणसं, डबा पंचाहत्तर दिवस गेला. म्हणजे माणशी रोज पन्नास ग्रॅम. त्याच्या साडेचारशे कॅलरी झाल्या, बाहेरचा वडापाव आणि मिसळीची तर्री न धरता. बैठं काम करणाऱ्या माणसाला वीस ते तीस ग्रॅम पुरे. आपल्या पाककृतींत 'मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता' असं लिहिलेलं असतं. तेल सुटण्यासाठी आधी ते भरपूर घातलेलं असावं लागतं. मसाला कोरडा भाजून, वाटून, पाण्याच्या हबक्यावर परतता येतो. पळीनं तेल ओतण्याऐवजी महिन्याचं तेल पहिल्या तारखेला बरणीत मोजून काढून ठेवावं आणि बरणी महिनाभर पुरवावी. हे घरच्या बाईवरच सोडू नये. जेवणाऱ्यांनी आधी कमी तेलाच्या भाजीला नावं ठेवणं थांबवावं.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसतं तेल तोडून बाकी जेवण तसंच ठेवलं तर फार काही हाती लागत नाही. अमेरिकेत जवळपास ४९,००० स्त्रियांवर झालेल्या कमी चरबीच्या आहाराच्या चाचणीत मधुमेहाचं प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही. दुसरीकडे, कर्बोदकं कमी करून चरबी वाढवणाऱ्या आहारानं पहिले काही महिने साखर चांगली उतरते, वजनही उतरतं; ज्यांचं वजन खरंच उतरतं त्यांना मी अडवत नाही. माझी हरकत आहे ती 'भाकरी सोडा आणि लोणी हवं तितकं खा' या सल्ल्याला. साखरेचा कागद सुंदर दिसतो आणि कोलेस्टेरॉल वर जातं, आणि मधुमेह्याला सर्वांत मोठा धोका हृदयविकाराचा असतो.

यातलं काही सुरू करण्याआधी एक काम करा: आपण मधुमेहाची कुठली औषधं घेता ते पाहा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकदम तोडली तर साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, रुग्णालयात जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार कमी करण्याच्या आधीच, नंतर नव्हे, आपल्या डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्यावा. कारण यकृतातली चरबी वितळू लागली की उपाशीपोटीची साखर पहिल्या आठवड्यातच खाली येऊ लागते, आणि जुना डोस तेव्हा जास्त ठरतो.